चहाच्या पेल्याचा हिशेब

शहरांतील एखादें जुनें उपाहारगृह बंद झालें म्हणजे चार दिवस त्याची हळहळ होते. वर्तमानपत्रांत छायाचित्र येतें, ‘एक पर्व संपलें’ असा मथळा झळकतो, आणि ज्यांनीं गेल्या दहा वर्षांत त्या दुकानाचा उंबरठा ओलांडला नव्हता तेहि शेवटचा चहा घेण्यासाठीं रांगेंत उभे राहतात. पांचव्या दिवशीं पाटी उतरते. सहा महिन्यांनीं तेथें औषधांचें दुकान नाहीं तर बँक उभी राहिली, कीं पूर्वीं येथें काय होतें हें सांगतांना शेजारीहि अडखळतात. ही हळहळ खोटी नसते. पण ती कारण शोधीत नाहीं. ‘काळ बदलला’ एवढें म्हटलें कीं तिचें समाधान होतें. शाळेंत संस्कृताबरोबर खालच्या वर्गांचें अंकगणितहि माझ्याकडे असे, आणि मी मुलांना नेहमीं सांगें, कीं उत्तर चुकलें तर पाटी पुसूं नका. कोणत्या पायरीवर चुकलें तें आधीं शोधा. कोपऱ्यावरच्या उपाहारगृहाचें गणित कोणत्या पायरीवर बिघडलें, तें येथें पाहावयाचें आहे. उदाहरण म्हणून मुंबई-पुण्याच्या वाचकांस सर्वांत अधिक परिचित असें इराण्याचें दुकान घेऊं.

अन्न विकणें आणि विकत घेणें

आज उपाहारगृह ही आपणांस अगदीं साधी गोष्ट वाटते. परंतु आपल्या घराण्यांच्या इतिहासांत ती फार उशिरां आली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत शिजविलेला भात विकणाऱ्या ‘औदनिकां’चा उल्लेख आहे, म्हणजे प्राचीन नगरांत अन्नाची विक्री होत होती हें निश्चित. परंतु मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत, आपत्काळीं वैश्यवृत्तीनें राहावें लागलें तरी ब्राह्मणानें शिजविलेलें अन्न विकूं नये, असा निषेध आहे. विकत घेऊन खाणाऱ्याच्या वाटेंत तर सोंवळ्याओंवळ्याचे शंभर कांटे होते. परगांवीं जाणारा मनुष्य दशम्या बांधून नेई, ओळखीचें घर गांठी, अथवा उपाशी राही.

हे कांटे किती तीक्ष्ण होते, हें १८९० सालच्या पुण्यांतील एका प्रसंगावरून दिसून येतें. पंचहौद मिशनमध्यें एका समारंभाच्या निमित्तानें चाळीसांहून अधिक प्रतिष्ठित मंडळी जमली होती. त्यांत न्यायमूर्ति रानडे होते, लोकमान्य टिळकहि होते. मिशनच्या लोकांनीं पाहुण्यांपुढें चहा-बिस्किटें ठेविलीं. गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें ‘पुणें वैभव’ पत्रांत छापविलीं आणि गांवांत मोठें ग्रामण्य माजलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. रानड्यांनींहि पुढें प्रायश्चित्त घेतलें. चहाच्या एका पेल्याची किंमत त्या काळीं ही होती.

पुढच्या पन्नास वर्षांत चित्र पालटलें. आगगाडी, कचेऱ्या, कॉलेजें आणि गिरण्या यांनीं माणसांना घराबाहेर काढलें. एकट्या पुरुषाला शहरांत दोन वेळ जेवण पाहिजे, म्हणून खाणावळी निघाल्या. दुपारीं कांहीं तोंडांत टाकावयास पाहिजे, म्हणून उपाहारगृहें निघालीं. आरंभीं पुष्कळ ठिकाणीं पाटीवरच जात लिहिलेली असे. ‘ब्राह्मणांचें’ हा शब्द स्वच्छतेची हमी म्हणून मिरविला जाई. आणि ज्यांना समाज अस्पृश्य मानी त्यांना दाराबाहेर वेगळ्या पेल्यांतून चहा मिळे, किंवा मिळतहि नसे. २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदांत दुकानें व सार्वजनिक उपाहारगृहें यांचा नांवानिशीं उल्लेख करून तेथील प्रवेशाचा भेद निषिद्ध करावा लागला, तो याच कारणानें. घटनाकारांना चहाच्या टेबलाची आठवण ठेवावी लागली, ही गोष्ट सुशिक्षित घरांनीं विसरूं नये.

इराणी आला

या संधिकालांत इराणी आला. इराणांत यज्द व केरमान या भागांत राहणाऱ्या जरथुष्ट्री लोकांची स्थिति एकोणिसाव्या शतकांत फार हलाखीची होती. जिझिया करानें ते गांजले होते. मुंबईच्या पारशी पुढाऱ्यांनीं १८५४ सालीं माणेकजी लिमजी हातरिया यांना त्यांच्या साहाय्यार्थ तिकडे धाडलें, आणि त्यांच्या दीर्घ खटपटीनंतर १८८२ सालीं तो कर उठला. मधल्या काळांत, १८७१ च्या सुमारास, इराणांत भयंकर दुष्काळ पडला. या साऱ्या आपत्तींमुळें देश सोडलेल्यांपैकीं बरेच मुंबईस आले, कांहीं पुढें पुण्यास गेले. त्यांच्यामागून मुसलमान इराणीहि आले आणि त्याच धंद्यांत पडले. म्हणूनच ‘इराणी’ हें आपल्या बोलण्यांत धर्माचें नव्हे, तर दुकानाचें नांव होऊन बसलें. मुंबईस धोबी तलावाचें कयानी १९०४ सालचें, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ सालचें, आणि पुण्यास डेक्कन जिमखान्यावरचें गुडलक १९३५ सालचें.

रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा अशुभ, असा हिंदु दुकानदारांत समज असल्यामुळें ती इराण्याच्या वांट्यास आली, असें परंपरेनें सांगतात. समज कांहींहि असो, कोपऱ्याचा व्यवहारी लाभ उघड होता: दोन रस्त्यांवर दोन दारें, दोन्हींकडून उजेड आणि दोन्हींकडून गिऱ्हाईक. आंत संगमरवरी टेबलें, वांकविलेल्या लांकडाच्या खुर्च्या, भिंतींवर मोठाले आरसे, कांचेच्या बरण्यांतून खारी-बिस्किटें, आणि दाराशीं उंच गल्ल्यावर बसलेला मालक. गिऱ्हाईक उठलें कीं वेटरनें आंतूनच ओरडून आंकडा सांगावा आणि मालकानें तो गल्ल्यावर वसूल करावा. एका बाजूस पाव, अंडीं, साबण, आगपेट्या असाहि किरकोळ माल असे. ज्या घरांत अंड्याचें नांव काढण्याची सोय नव्हती, त्या घरांतील किती चिरंजिवांनीं आपलें पहिलें ऑम्लेट इराण्याच्या आडोशास खाल्लें, याची गणती करणें आतां शक्य नाहीं. आणि ज्यांनीं खाल्लें तेच पुढें घरांतील कर्ते झाले, म्हणून तो विषय कोणी काढीतहि नाहीं.

या दुकानानें विकलें काय? वरवर पाहतां चहा, ब्रुन-मस्का, मावा केक. परंतु खरा माल निराळाच होता. तो म्हणजे बसावयास जागा. चाळींतल्या दहा-बारा फुटांच्या खोलींत सात माणसें राहत. तेथील विद्यार्थ्याला वाचावयास, नोकरी शोधणाऱ्याला अर्ज लिहावयास, रागावून घराबाहेर पडलेल्याला तासभर शांत व्हावयास जागा कोठें होती? इराण्याकडे एक चहा मागविला कीं ती मिळे. धोबी तलावावरच्या बस्तानी या दुकानांतील सूचनांची पाटी प्रसिद्ध होती. तिच्यावरून निसिम इझिकेल या बेने इस्रायली कवीनें इंग्रजींत एक कविताहि लिहिली. अशा पाट्या लावाव्या लागत, यावरूनच लोक तेथें किती वेळ बसत याची कल्पना येते. जातिभेद त्या काळीं कोठेंच पुरता नाहींसा झालेला नव्हता. परंतु ज्याचा आपला वर्णाश्रमाशीं संबंध नाहीं अशा परदेशी माणसाच्या दुकानांत, वाटेल तो माणूस दारांतून येऊन शेजारच्या खुर्चीवर बसत असतां, तो भेद काटेकोर पाळणें अशक्य होतें. प्रायश्चित्ताची भीति घालविण्याचें काम जितकें सुधारकांच्या लेखांनीं केलें, तितकेंच या संगमरवरी टेबलांनींहि केलें असावें.

मास्तरांपुढें मांडलेलें गणित

गिरगांवांतील ज्या शाळेंत माझी हयात गेली, तिच्या कोपऱ्यावर असेंच एक दुकान होतें. मधल्या सुटींत शिक्षकांचें एक टेबल ठरलेलें असे. महिन्याच्या विसाव्या तारखेनंतर पुष्कळांचा चहा वहींत लिहिला जाई आणि पगाराच्या दिवशीं त्यावर रेघ मारली जाई. त्या वहीचें व्याज मालकानें कधीं घेतलें नाहीं. करोनाच्या सांथीनंतर तें दुकान कसेंबसें चाललें आणि २०२२ सालीं बंद झालें. बंद करण्याचें ठरल्यावर एके दुपारीं मालकानें जमाखर्चाची वही माझ्यापुढें सरकविली आणि म्हटलें, “मास्तर, तुमी गणित शिकवत होते ना? मग एवढी एक बेरीज जमवून दाखवा.”

त्याचे आंकडे त्याचे. ते येथें देण्याचा मला अधिकार नाहीं. पण गणित कसें बसतें, हें सोप्या आंकड्यांनीं कोणासहि करून पाहतां येईल. समजा, दुकानांत ४० खुर्च्या आहेत आणि तें १२ तास उघडें असतें. प्रत्येक गिऱ्हाईक ३० रुपयांचा माल घेऊन एक तास बसतें. सर्व खुर्च्या सर्व वेळ भरल्या तर दिवसाचीं गिऱ्हाइकें ४८० आणि विक्री १४,४०० रुपये. परंतु सर्व खुर्च्या सर्व वेळ कोणाच्याच भरत नाहींत. निम्म्या भरल्या असें धरूं. म्हणजे दिवसाचे ७,२०० आणि तीस दिवसांचे २,१६,००० रुपये. यांतून दूध, साखर, चहा, पाव, लोणी यांना निम्मे गेले, उरले १,०८,०००. सहा नोकरांस दरमहा १५,००० प्रमाणें ९०,००० दिले, उरले १८,०००. यांत गॅस, वीज, पाणी, परवान्यांचें शुल्क, फुटलेल्या पेल्यांची भरती आणि गळक्या छपराची डागडुजी बसवावयाची, आणि मग मालकानें स्वतःचें घर चालवावयाचें. जागेचें भाडें अजून धरलेंच नाहीं. भर वस्तींतील कोपऱ्यावरच्या अशा जागेचें आजच्या बाजारभावाचें भाडें त्या अठरा हजारांत बसेल, असें मुंबईंत कोणीहि म्हणणार नाहीं.

उडपी उपाहारगृहांनीं हें गणित निराळ्या रीतीनें सोडविलें. तेथें गिऱ्हाईक वीस मिनिटांत खाऊन उठतें. म्हणजे एकाच खुर्चीवर तासांत तीन माणसें होतात आणि प्रत्येकाचा आंकडाहि मोठा असतो. इराण्याला तसें करतां येईना. कारण बसूं देणें हाच त्याचा माल होता. मग इतकीं वर्षें त्याचें चाललें कसें? चाललें, कारण त्या टेबलाखालीं चार पाय असे होते, कीं ज्यांची किंमत पेल्याच्या किमतींत कधीं धरलीच गेली नव्हती. ते एकेक करून निघाले.

पहिला पाय: जुनें भाडें

मुंबई इलाख्याच्या १९४७ सालच्या भाडेनियंत्रण कायद्यानें जुन्या जागांचें भाडें सामान्यतः १ सप्टेंबर १९४० रोजीं जें होतें तेथेंच गोठविलें. युद्धानंतरच्या टंचाईंत भाडेकरूंस तो मोठा आधार झाला. पण चहाची किंमत आण्यांवरून रुपयांवर गेली तरी जागेचें भाडें जागच्या जागींच राहिलें. पुढें महाराष्ट्राचा १९९९ सालचा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्यानें वर्षास चार टक्के वाढ देऊं केली. परंतु मूळ आंकडाच इतका लहान, कीं त्याची टक्केवारी ती काय होणार?

स्वस्त भाडें हें दुकानदाराचें वरदान. पण त्याच्याच पोटांत शाप होता. ज्या इमारतीपासून घरमालकास कांहीं मिळत नाहीं ती तो दुरुस्त करीत नाहीं. छप्पर गळूं लागतें, तुळया कुजतात, आणि एके दिवशीं पुनर्विकासाची नोटीस येते. नव्या इमारतींत तेवढी जागा मिळण्याचें वचन कागदावर असतें. पण कोपरा मिळेलच असें नाहीं, आणि इमारत उभी राहीपर्यंत तीन-चार वर्षें दुकान बंद. गिऱ्हाइकाची संवय तीन महिन्यांत तुटते. तीन वर्षांनीं तें परत येतें, असें समजणें भाबडेपणाचें होय.

दुसरा पाय: घरच्या माणसांचे कष्ट

पहांटे दूध उतरवून घेण्यापासून रात्रीं शटर ओढण्यापर्यंत मालक स्वतः राबे, आणि त्याचा पगार कोठेंच मांडला जात नसे. त्याचा मुलगा शिकला. तो डॉक्टर झाला, इंजिनियर झाला, परदेशीं गेला. त्यानें पहांटे चार वाजतां येऊन गल्ल्यावर बसावें, अशी अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी? आपल्या मुलांना वडिलांच्या भिक्षुकींतून किंवा शेतींतून काढून आपण कचेऱ्यांत बसविलें, तेव्हां त्याला आपण प्रगति म्हटलें. इराण्याच्या मुलानें तेंच केलें तर त्याला परंपरेचा नाश म्हणूं नये.

याच्या जोडीला भागीदारीचा घोळ. पुष्कळ दुकानें दोघांतिघांच्या भागींत निघालीं. दोघांचे वारस सहा झाले, सहांचे पंधरा झाले. कोणी मुंबईंत, कोणी कॅनडांत. नवें यंत्र घ्यावयाचें, किंमत वाढवावयाची, छप्पर बदलावयाचें, यांपैकीं कशालाहि पंधरा सह्या मिळत नाहींत. ज्या एका गोष्टीला सर्वांची सही मिळते ती म्हणजे विक्री.

तिसरा पाय: वेटरचें घर

या पायाविषयीं हळहळीच्या लेखांत सहसा कोणी लिहीत नाहीं. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानांत एक वृद्ध वेटर होते. सारे त्यांना मामा म्हणत. ते रत्नागिरीकडील एका खेड्यांतून विशीच्या आंत मुंबईस आलेले. कोणाला बिनसाखरेचा लागतो, कोण ब्रुन चहांत बुडवून खातो, कोणाच्या घरीं आजारपण चाललें आहे, हें सारें त्यांना पाठ. रात्रीं शटर पडलें कीं दोन टेबलें जोडून ते त्यांवर वळकटी पसरीत. जिन्याखालीं त्यांची पत्र्याची ट्रंक असे. खोलीचें भाडें नाहीं, जेवण दुकानांत, म्हणून थोड्या पगारांत त्यांचें भागे आणि उरलेलें गांवीं जाई. आमचा चहा स्वस्त होता, तो कांहीं अंशीं मामांना घर नव्हतें म्हणून स्वस्त होता.

आजचा नोकर पुरता पगार मागतो, आठवड्याची सुटी मागतो, झोंपावयास खोली मागतो. हें योग्यच आहे. कायद्यालाहि तेंच अभिप्रेत आहे. पण ही किंमत पेल्यांत धरली तर पेला महागतो, आणि महागला कीं जुनें गिऱ्हाईक ‘इराणीसुद्धां आतां इराणी राहिला नाहीं’ असें म्हणून उठतें. दुकान बंद झालें तेव्हां मालकानें मामांना आपल्या ऐपतीप्रमाणें रक्कम दिली. परंतु मालकाचें दुकान गेलें, मामांचें घर गेलें. ज्या गांवीं ते वर्षांतून पंधरा दिवस पाहुणे म्हणून जात, तेथें भावाच्या घरीं ते कायमचे राहावयास गेले. वर्तमानपत्रांत छायाचित्र आलें तें आरशांचें आणि खुर्च्यांचें. त्यांत मामा नव्हते.

चौथा पाय: शेजार

शेजारच्या उपाहारगृहाचें भांडवल म्हणजे शेजार. तो उठला कीं दुकान उठतें. याचें सर्वांत दारुण उदाहरण गिरणगांवांतलें. तेथें एकट्या राहणाऱ्या कामगारांना महिन्याच्या हिशेबानें जेवण घालणाऱ्या खाणावळी घरोघरच्या बायका चालवीत. प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून अशा बायकांना संघटित केलें आणि त्यांना बँकांचें कर्ज मिळवून देण्याची खटपट केली. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत उतरले. पुढें बहुतेक गिरण्या पुन्हां पूर्वींसारख्या चालल्याच नाहींत. कामगाराचा पगार थांबला, त्याबरोबर खाणावळीचें येणें बुडालें. जेवणारा गांवीं गेला, तेव्हां चूलहि विझली. त्या बायकांच्या हातची चव कांहीं कमी झालेली नव्हती.

गिरगांव-दादरकडे हेंच सावकाश घडलें. कुटुंबें वाढलीं, खोल्या अपुऱ्या पडल्या, आणि तरुण जोडपीं बोरिवली-डोंबिवलीकडे गेलीं. मागें राहिलेले वृद्ध जिना उतरेनासे झाले. मग २०२० सालच्या मार्चमध्यें टाळेबंदी आली. महाराष्ट्रांत उपाहारगृहांत बसून खाण्यास ५ ऑक्टोबर २०२० पासून, तेंहि निम्म्याच खुर्च्या मांडून, परवानगी मिळाली. पुढच्या एप्रिलमध्यें तीं पुन्हां बंद झालीं. या काळांत घरपोंच खाद्यपदार्थ पोहोंचविणाऱ्या कंपन्यांनीं पुष्कळांना तारलें हें खरें. पण त्यांची दलाली बिलाच्या पांचव्या-चौथ्या हिश्शापर्यंत जाते, आणि शिवाय मोटारसायकलवरून गेलेला चहा निवतो, ब्रुन चिवट होतो. सर्वांत मुख्य गोष्ट अशी, कीं बसण्याची जागा कोणालाच डब्यांत भरून पाठवितां येत नाहीं. ज्या दुकानाचा मालच ती जागा होता, त्याला या नव्या व्यवस्थेंत विकण्यासारखें फारसें उरलें नाहीं.

मग उपाय काय?

धोबी तलावाचें बस्तानी या शतकाच्या पहिल्या दशकांतच गेलें. डेक्कन जिमखान्यावरचें लकी आतां स्मरणांतच राहिलें आहे. सर्वच दुकानें वांचवितां येणार नाहींत, आणि तीं वांचलींच पाहिजेत असाहि माझा आग्रह नाहीं. ज्या मालकानें चाळीस वर्षें पहांटे चार वाजतां उठून गांवाला चहा पाजला, त्यानें दारावर ‘बंद’ अशी पाटी लाविली तर ती पराभवाची समजूं नये. ती निवृत्ति आहे. परंतु जेथें चालविण्याची इच्छा आहे आणि केवळ मार्ग सुचत नाहीं, तेथें पूर्वींच्या उदाहरणांकडे पाहावें.

कॉफीचा प्रसार व्हावा म्हणून १९३६ सालीं मुंबईस चर्चगेट येथें पहिलें इंडिया कॉफी हाउस उघडण्यांत आलें. पुढें कॉफी बोर्डानें हीं उपाहारगृहें बंद करण्याचें ठरविलें, तेव्हां १९५७ सालीं ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानें तेथील कामगारांनींच सहकारी संस्था काढून तीं चालविण्यास घेतलीं. कोलकात्याचें कॉलेज स्ट्रीटवरचें कॉफी हाउस १९५८ सालीं बंद पडलें असतां प्राध्यापकांनीं सरकारकडे अर्ज केला आणि तें त्याच वर्षीं पुन्हां उघडलें. बंगळूरचें महात्मा गांधी रस्त्यावरचें कॉफी हाउस २००९ सालीं जुनी जागा सोडून जवळच्याच चर्च स्ट्रीटवर गेलें. यांतून तीन गोष्टी दिसतात: वारसाला नको असेल तर दुकान कामगाराला देतां येतें, गिऱ्हाइकानें वेळेवर हालचाल केली तर उपयोग होतो, आणि जागा सुटली तरी माणसें तींच राहिलीं तर दुकान राहतें.

म्हणून मालकांनीं भागीदारीचे कागद वारसांची संख्या वाढण्यापूर्वींच नीट करून ठेवावेत, आणि घरांत कोणी पुढें चालविणार नसेल तर तें उशिरां नव्हे, आधींच ओळखून आपल्या जुन्या नोकरांशीं बोलणें करावें. नगरपालिकांनीं पुनर्विकासाच्या परवानग्या देतांना जुन्या उपाहारगृहास तळमजल्यावर, रस्त्याच्या अंगास जागा मिळेल आणि बांधकाम चालूं असतां जवळपास तात्पुरता गाळा मिळेल, एवढें पाहावें. शाळेसाठीं, बागेसाठीं आपण नकाशावर जागा राखतों; चार अनोळखी माणसांनीं एकत्र बसण्याची जागा ही त्याहून कमी सार्वजनिक नाहीं.

आणि गिऱ्हाइकांनीं? त्यांचें काम सर्वांत सोपें आहे. घरांत चहा उत्तम होतो हें खरें. तरी महिन्यांतून चार वेळां आजोबांनीं नातवाचा हात धरून कोपऱ्यावर जावें, त्याला खारी घेऊन द्यावी, आणि शेजारच्या टेबलावर कोण कोण बसलें आहे तें दाखवावें. आपल्या पणजोबांना ज्या पेल्यासाठीं प्रायश्चित्त पडलें असतें, तो आपण कोणाच्याहि शेजारीं बसून पितों, हें त्याला पुस्तकापेक्षां तेथें लवकर समजेल. आणि मालकानें चहाची किंमत पांच रुपयांनीं वाढविलेली दिसली, तर पाटीकडे पाहून कपाळास आठी घालूं नये. त्या पांच रुपयांत वेटरच्या खोलीचें भाडें असूं शकतें.